'वाडी' आणि बालक : रत्नागिरीच्या परड्यापासून कोसबाडच्या विकासवाडीपर्यंत

१

मराठीत शालापूर्व शिक्षणाच्या संस्थांना जी नावे रूढ झाली, त्यांत 'वाडी' हे पद पुनःपुन्हा आढळते : बालवाडी, अंगणवाडी, विकासवाडी. कोकणात या पदाचे दोन अर्थ शेजारीशेजारी नांदतात. वाडी म्हणजे गावातील घरांचा पुंजका. आणि वाडी म्हणजे नारळी-पोफळीची, फळाफुलांची राखलेली बाग. संस्कृतातील 'वाटिका' या शब्दाशी असलेले त्याचे नाते दुसऱ्या अर्थात स्पष्ट दिसते. बालकांच्या शाळेसाठी मराठीने निवडलेले नाव अशा रीतीने मुळातच बागेचे नाव आहे. फ्रेडरिक फ्रॉबेल याने १८४० मध्ये आपल्या बालशिक्षणसंस्थेस दिलेल्या जर्मन नावाचा अर्थही 'बालकांची बाग' असाच होतो.

नावात बाग टिकली. संस्थेत ती कितपत टिकली, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. शिक्षणाच्या इतिहासात बालोद्यानाचा उल्लेख बहुधा एखाद्या तत्त्वज्ञाच्या मताच्या अनुषंगाने येतो. प्रत्यक्ष वाफा, त्यातील बी, ते पेरणारे मूल आणि त्यास घातलेले पाणी यांची दखल घेतली जात नाही. तथापि ज्या योजना कोकणासारख्या प्रदेशात रुजल्या किंवा सुकल्या, त्यांचे यशापयश याच गोष्टींवर अवलंबून होते. म्हणून येथे तीन प्रश्न प्रमाण धरले आहेत : वाफा कोणाचा, श्रम कोणासाठी आणि पाणी कोणाचे? या प्रश्नांची उत्तरे जेथे बालकाच्या बाजूने मिळाली, तेथे बालकाची बाग जगली. जेथे ती शासनाच्या, अर्थव्यवस्थेच्या किंवा प्रतिष्ठेच्या बाजूने दिली गेली, तेथे केवळ नाव उरले.

२

रत्नागिरी जिल्ह्यात बालक आणि बाग यांचा संबंध शाळेने प्रथम जोडला असे मानणे चुकीचे ठरेल. घरामागील परसू किंवा परडे ही येथील जुनी व्यवस्था होय. तिचे लिखित पुरावे मात्र विरळ आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी व सावंतवाडी या १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात जिल्ह्यातील पिकांचे व नारळी-पोफळीच्या बागांचे वर्णन आहे. कारण आगरांवर सारा होता आणि त्यांचे उत्पन्न बाजारात जात असे. चुलीजवळच्या वेलाचा सारा कोणी घेत नव्हते. म्हणून तो कागदोपत्री येण्याचे कारणही नव्हते. परड्यातील श्रम मुख्यतः स्त्रियांचे व मुलांचे असत. घरातील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत व बंदरावर असल्याने अनेक कुटुंबे मनिऑर्डरीवर चालत. अशा घरांत परड्याचा भार अधिकच बायका-मुलांवर पडे. ज्यांचे श्रम नोंदले जात नाहीत त्यांचा इतिहास रीती, शब्द आणि सणवार यांतूनच शोधावा लागतो.

या रीतींकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले असता त्यांत एक अलिखित अभ्यासक्रम दिसतो. त्याचा आरंभ बियांपासून होतो. भोपळा, काकडी, दोडकी यांच्या बिया उन्हाळ्यात राखेत घोळून ठेवाव्यात किंवा शेणात थापून भिंतीला लावाव्यात, ही कीड टाळण्याची पद्धत घरोघर होती. मृग नक्षत्र लागले आणि पहिल्या सरींनी जमीन भिजली की त्या बिया आळ्यात टोचल्या जात. वेलवर्गातील बी मोठे असते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या चिमटीत ते मावते आणि किती खोल टोचले हे त्यास दिसते. आठवडाभरात दोन जाड दळे जमिनीवर येतात. पुढे वेलाला मांडवावर चढवायचे, त्याचे तंतू काठीला कसे गुंडाळतात ते पाहायचे आणि दीड-दोन महिन्यांत पहिली काकडी तोडायची. यांत मुलाच्या धीराला झेपणारा काळाचा माप आहे.

या मापाचे महत्त्व आगराशी तुलना केल्यास ध्यानी येते. पारंपरिक उंच जातीचा नारळ लावल्यानंतर फळ धरण्यास साधारणतः सहा-सात वर्षे लागतात. आजोबांनी लावावे आणि नातवाने खावे, असा आगराचा काळ. तो वंशाचा काळ आहे, बालकाचा नव्हे. कोकणातील घराने हे दोन काळ एकाच कुंपणात सांभाळले : नारळ वडीलधाऱ्यांच्या हाती, वेल आणि पालेभाजी मुलांच्या हाती. लाल माठ पेरल्यापासून महिन्याभरात खुडण्याजोगा होतो. मुळा आणि मेथी चार-पाच दिवसांत उगवतात. नवशिक्या पालकाने वा शिक्षकाने लहान मुलांबरोबर कोणता उपक्रम आरंभावा, या प्रश्नाचे उत्तर परड्याने अशा प्रकारे आधीच देऊन ठेवले होते.

सणांनी या अभ्यासक्रमास बैठक दिली. भाद्रपदात तेरड्याच्या रोपांची गौर घरात येते. म्हणून पावसाळ्यात तेरडा ओळखणे आणि राखणे हे मुलांचे काम ठरते. जुन्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हणजे १९८१ पासून स्वतंत्र झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, गणपतीवर बांधावयाच्या माटवीसाठी रानातील व परड्यातील फळे गोळा करण्याच्या निमित्ताने वनस्पतींची मोठी नामावळी मुलांच्या तोंडी बसे. आश्विनात घटापाशी टोपलीतल्या किंवा पत्रावळीवरच्या मातीत धान्य पेरून नऊ दिवस रुजवण घातली जाते. देवघराच्या अंधारात वाढलेले ते कोंब पिवळसर आणि लांब होतात, तर अंगणात सांडलेल्या त्याच दाण्यांचे कोंब हिरवे व आखूड राहतात. प्रकाश आणि वनस्पती यांच्या संबंधाचा याहून सोपा प्रयोग आधुनिक पाठ्यपुस्तकासही सुचवता येणार नाही. मात्र तो प्रयोग आहे असे मुलास कोणी सांगत नसे. परड्याची मर्यादा येथे दिसते. त्यात अनुभव होता. अनुभवाविषयी विचारलेला प्रश्न क्वचितच होता.

वनस्पतीकडे पाहण्याची नैतिक दृष्टीही याच परिसरात घडत होती. दापोली तालुक्यातील पालगडच्या बालपणावर आधारलेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात 'मुकी फुले' हे प्रकरण आहे. उमलण्यापूर्वीच कळ्या तोडून साठवण्याच्या मुलांच्या चढाओढीला आई तेथे आवर घालते. झाड हे पूजेच्या साहित्याचे भांडार नसून त्याच्या उमलण्यालाही स्वतःचे मोल आहे, हा त्या प्रसंगाचा आशय. तो लेखकाच्या मनात एखाद्या ग्रंथातून नव्हे, तर परड्यातील रोजच्या व्यवहारातून आला आहे.

३

युरोपातून आलेली बालोद्यानाची कल्पना याहून वेगळ्या प्रश्नातून निघाली होती. फ्रॉबेलच्या आराखड्यात प्रत्येक मुलास स्वतःचा एक लहान वाफा असे आणि त्या वाफ्यांभोवती सर्वांचा समाईक वाफा असे. व्यक्ती समाजाच्या कवेत सुरक्षित असते, हे तत्त्व जमिनीवर आखून दाखवण्याचा तो प्रयत्न होता. स्वतःच्या वाफ्यात काय लावावे हे मुलाने ठरवायचे. समाईक वाफ्यात सर्वांनी मिळून काम करायचे. 'वाफा कोणाचा' हा प्रश्न शिक्षणात प्रथम इतक्या नेमकेपणाने मांडला गेला. कोकणातील परड्यात मुलाला काम होते, पण वाफा त्याचा नव्हता. तो घराचा होता. या एका बाबतीत फ्रॉबेलची देणगी निर्विवाद आहे.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह उघडले. त्यांनी बागकामाचा विचार सामाजिक प्रतीक म्हणून न करता मानसिक शिस्त म्हणून केला. आपण पाणी न घातल्यास रोप सुकेल, ही जाणीव मुलास बाहेरच्या आज्ञेविना कर्तव्याकडे नेते. आणि बी पेरल्यावर वाट पाहावी लागते, यातून विश्वासयुक्त धीर निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार पश्चिम भारतात गिजुभाई बधेका यांच्यामार्फत आला. त्यांचे बालमंदिर १९२० मध्ये भावनगर येथे सुरू झाले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांत बालशिक्षणाची आस्था वाढली, परंतु चाळीतील मुलास वाफा कोठून मिळणार? बागेची जागा कुंडीने घेतली. कुंडीत वाफ्याचा विस्तार नसतो. परंतु पाणी घालण्याचे कर्तव्य आणि वाट पाहण्याचा धीर कुंडीतही शिकता येतो. शहरी बालशिक्षणाने माँटेसरींचा हा भाग उचलला आणि फ्रॉबेलचा समाईक वाफा मागे राहिला, असे म्हणता येईल.

४

'श्रम कोणासाठी' हा प्रश्न १९३७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर उपस्थित झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी सुचवलेल्या उद्योगांत कताई-विणकाम, सुतारकाम व शेती यांच्याबरोबर फळबाग व भाजीपाला यांचाही समावेश होता. उद्योगातून शिक्षकाचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा. याच मुद्द्यावर मतभेद झाले. मुलांच्या श्रमावर शाळेचा खर्च टाकणे योग्य आहे काय, असा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच विचारला.

या योजनेचा रत्नागिरीशी असलेला संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबई प्रांताचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हे मूळचे रत्नागिरीचे. त्यांचा जन्म तेथे १८८८ मध्ये झाला. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने वर्धा योजनेच्या विचारार्थ १९३८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते आणि योजना प्रथम ग्रामीण भागात लागू करावी, अशी शिफारस त्या समितीने केली. ग्रामीण भाग म्हणून जे डोळ्यांसमोर येते त्यात काळी कसदार जमीन आणि कापूस असतो. कोकणातील शाळेपुढे जांभा दगडाचा माळ आणि तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होता. हा पाऊस जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरत नाही. माघ-फाल्गुनात विहिरी तळ गाठतात. म्हणून रत्नागिरीत शाळेच्या बागेचे खरे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीच्या सुमारास संपते. वर्षभर उत्पन्न देणारी आणि खर्च भागवणारी बाग येथे स्वभावतःच कठीण होती. तकली-चरख्यास पाण्याची गरज नसते. मूलोद्योगी शाळांत बागकामापेक्षा कताईच अधिक पसरली, याच्या कारणांत प्रदेशाचा हा भाग विसरता येणार नाही.

पाण्याचा प्रश्न केवळ भूगोलाचा नव्हता. रोपाला पाणी घालण्यासाठी ते आधी विहिरीतून काढावे लागते आणि विहिरीवर कोणी जावे हे जात ठरवीत असे. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झालेल्या सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या करण्याचा मार्ग दाखवला. परंतु तो अंमलात आणण्यासाठी १९२७ मध्ये शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात महाड येथे डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या मुलास पाणवठ्याला स्पर्श करण्याची मनाई, त्यास 'आपल्या रोपाला रोज पाणी घाल' हा माँटेसरींचा धडा शिकवणार कसा? कर्तव्याची जाणीव देणारे साधनच त्याच्या हातून काढून घेतलेले होते. बालोद्यानाच्या कोणत्याही पाश्चात्य सिद्धांतात या अडचणीस स्थान नव्हते. कारण ती तेथील नव्हती. दुसरीकडे, ज्या घरांत मातीत हात घालणे हलके समजत, त्या घरांतील मुलांस शाळेतील कुदळ ही शिक्षा वाटे. एकाच वाफ्याशेजारी उभ्या असलेल्या दोन मुलांपैकी एकास तो वाफा अप्राप्य आणि दुसऱ्यास अप्रतिष्ठेचा, अशी स्थिती असताना बागकाम हा तटस्थ विषय राहू शकत नव्हता.

५

या प्रश्नांची गाठ एका ठिकाणी प्रत्यक्ष कामातून पडली. ते ठिकाण रत्नागिरीत नव्हे, तर कोकणपट्टीच्या उत्तर टोकास, तेव्हाच्या ठाणे व २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यात आहे. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत नई तालीमची व्याप्ती वाढवून सात वर्षांखालील मुलांचे पूर्वबुनियादी शिक्षण तिच्यात आणले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाड येथील टेकडीवर गेले.

बोर्डीच्या परिसरातील वारली मुलांपुढे शहरातील पद्धत जशीच्या तशी ठेवणे व्यर्थ होते. ही मुले गुरे राखत, सरपण आणत, धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन फिरत. मातीत काम करणे हा त्यांना शिकवावयाचा संस्कार नव्हता. ते त्यांचे जगणेच होते. दादरच्या मुलाच्या हाती कुदळ देणे ही मुक्ती ठरू शकते. वारली मुलाच्या हाती तीच कुदळ शाळेत पुन्हा देणे म्हणजे श्रमात भर घालणे ठरेल. के. टी. शहा यांचा आक्षेप येथे प्रत्यक्ष रूपात उभा होता. ताराबाईंनी त्यावर काढलेला मार्ग असा की, श्रम वाढवायचे नाहीत. जे श्रम आणि जो परिसर मुलांच्या वाट्यास आधीच आला आहे, त्यातूनच शिक्षण निर्माण करायचे. महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, शंखशिंपले आणि खडे आले. मुले केंद्रात येत नाहीत असे दिसताच केंद्र त्यांच्या पाड्यावरील अंगणात गेले. 'अंगणवाडी' या कल्पनेचा उगम येथे आहे. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, तीच कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एका छत्राखाली आणणाऱ्या विकासवाडीमुळे धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकणे शक्य झाले.

या प्रयोगाचे ऐतिहासिक मोल बागेच्या दृष्टीने पुढीलप्रमाणे सांगता येईल. परड्याजवळ अनुभव होता पण प्रश्न नव्हता. शहरी बालमंदिराजवळ प्रश्न होता पण परिसर नव्हता. कोसबाडने मुलाच्या परिसराला प्रश्न जोडला. रानातील बी गोळा करणारे मूल तीच बी मोजते, लहान-मोठी लावते, रुजवते आणि तिच्याविषयी बोलते. येथे वाफा आखण्यापूर्वी मूल ज्या भूमीवर उभे आहे तिची ओळख झालेली असते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. या सन्मानांपेक्षा मोठी मान्यता म्हणजे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत आरंभलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रास 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.

६

पुढील काळात नावाचा विस्तार झाला, परंतु आशय बदलत गेला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली आणि बागकाम वेळापत्रकातील एक तासिका बनले. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांच्या माध्यान्ह भोजनात शाळेतच पिकलेली भाजी यावी हा त्यांचा हेतू. येथे 'श्रम कोणासाठी' या प्रश्नास १९३७ पेक्षा अधिक समाधानकारक उत्तर मिळते : उत्पन्न शिक्षकाच्या पगारासाठी नसून मुलाच्याच ताटासाठी आहे. तथापि बाग पोषणाच्या मोजमापाला जोडली की ती मोठ्यांनी करावी आणि मुलांनी पाहावी, असा कल निर्माण होण्याचा धोका राहतो. लाल माठाच्या जुड्या मोजता येतात; पाच वर्षांच्या मुलाने स्वतः टोचलेले बी रोज सकाळी पाहण्यास धावणे मोजता येत नाही.

रत्नागिरीपुरते बोलायचे तर परड्याची रीत आजही मार्गदर्शक ठरावी. शाळा जूनच्या मध्यास उघडते, तेव्हा मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो. शैक्षणिक वर्ष आणि पेरणीचे वर्ष यांचा असा मेळ फार थोड्या प्रदेशांस लाभतो. पहिल्या सत्रात काकडी, भोपळा, दोडकी व तेरडा. आश्विनात रुजवण, एक टोपली उजेडात आणि एक अंधारात. दिवाळीनंतर हात धुण्याच्या सांडपाण्यावर जगणारे अळू आणि एखादी केळ. घराच्या न्हाणीचे पाणी परड्यातील केळीला सोडण्याची जुनी रीत हेच शिकवते. वर्षाच्या शेवटी बिया राखेत घोळून पुढील वर्गासाठी ठेवाव्यात. या क्रमात खर्च नाही, यंत्र नाही आणि पाण्याचा हट्ट नाही. प्रत्येक मुलास एक आळे स्वतःचे असावे, ही फ्रॉबेलची अट त्यात जोडली आणि पाणी सर्वांनी सारख्या हक्काने काढावे व घालावे, ही महाडची अट पाळली, म्हणजे बालकाची बाग पूर्ण होते.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येतो. बालकांच्या बागेची कल्पना परकी की देशी, हा वाद फलदायी नाही. कारण तिचे घटक दोन्हीकडून आले आहेत. वाफ्यावरील मुलाचा हक्क युरोपीय विचाराने शिकवला, श्रमाचे मूल्य आणि त्याचा धोका वर्ध्याने दाखवला, परिसरापासून आरंभ करण्याची दृष्टी बोर्डी-कोसबाडने दिली. आणि ऋतू, बी व धीर यांचे माप परड्याने पिढ्यान्पिढ्या जपले. या चौथ्या घटकाची नोंद कोणत्याही समितीच्या अहवालात नाही, कारण तो बायका-मुलांच्या हातचा होता. कोकणातील परड्यांचे सणवार, बियाणे आणि पाणी यांविषयीची स्मृती वृद्ध स्त्रियांजवळ आजही आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ती तालुकावार संकलित केल्यास 'वाडी' या शब्दाचे दोन्ही अर्थ, वस्तीचा आणि बागेचा, पुन्हा एकत्र वाचता येतील.